छातीतली नळी

"हातातल्या नळीपाशी दोनदा रक्ताची गाठ झाली, सातेकी. तिसऱ्यांदा झाली तर जिवावर बेतेल. ब्लड कॅन्सरचं औषध छातीतल्या नळीतूनच द्यायला हवं," नर्स ब्रॉनविन समजावत होती.

"हातातच बसवा."

"रग्बीत माणसं आडवी करणारा गडी तू, आणि एवढ्याशा नळीला घाबरतोस?"

त्याची थोरली बहीण मेलेआने वॉर्डाच्या दाराबाहेर पाठ करून उभी होती. तो घाबरत नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ऑकलंडच्या घरी नळी धुवायला, पट्टी बदलायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं. आणि टोंगा बेटांवरच्या त्यांच्या माणसांत, वयात आल्यावर बहीण भावाची उघडी छाती बघत नाही, त्याच्या खोलीत पाऊलही टाकत नाही. हात तेवढा चालला असता. तिचा मान राखायला हा वेडा जीव द्यायला निघाला होता.

"सातेकी," ती न वळताच म्हणाली, "छातीत बसवून घे. पट्टी मी बदलेन."

आतून अगदी हळू "बरं" ऐकू आलं.

ब्रॉनविन हसतच बाहेर आली. "कमाल आहे बाई तुमची! मी सकाळपासून डोकं फोडतेय, आणि तुमचं एका शब्दात ऐकलं त्यानं!"

"ऐकावंच लागतं त्याला. आमच्यात बहिणीचा शब्द भाऊ मोडत नाही," मेलेआने डोळे पुसत म्हणाली. "म्हणून तर आजवर त्याला कधी काही सांगितलं नव्हतं."