कोडला हात न लावता

प्रतिभाची चारशे टिपणं नीट करून झाली होती. लहान मुलांची वजनं नोंदवायच्या ॲपच्या कोडमध्ये आधीच्या कुणीतरी घाईघाईत अशुद्ध मराठीत टिपणं लिहून ठेवली होती. ती शुद्ध करायचं काम मोखाड्यात घरी बसून तिला मिळालं होतं. "टिपणं कॉम्प्युटर वाचत नाही, आपली माणसं वाचतात. कोडला मात्र हात लावायचा नाही," साहेबांनी फोनवर बजावलं होतं. मान आखडली होती, डोळे चुरचुरत होते. तिनं आणखी एक टिपण शुद्ध केलं: 'वर्षाच्या मुलाचं वजन सहा किलोच्या खाली नसतं. दिसल्यास भरणाऱ्याची चूक समजून नोंद नाकारावी.'

तेवढ्यात अंगणवाडीतून आई आली आणि खांद्यावरच्या पिशवीसकट खाली बसली.

"आज त्या वजनाच्या ॲपनं डोकं खाल्लं नुसतं. येसूच्या वर्षाच्या पोरीचं सव्वापाच भरलं, तर घेईचना. चारदा काट्यावर ठेवली पोरीला. शेवटी सहा टाकलं, तेव्हा घेतलं."

प्रतिभाचा हात थांबला.

"नाव काय गं तिचं?"

"गोदी. का?"

प्रतिभानं त्या टिपणाखाली आपलं एक टिपण लिहिलं: 'असतं. गोदी, सव्वापाच किलो.'