पदकावरचं नाक

"नाक आमच्या घराण्याचं न्हाई," असं म्हणून भगवानरावांनी तिसरा नमुनाही आसारामच्या हातात परत ठेवला. त्याआधीचे दोन विजयसिंहांनी मिशीवरून नापास केले होते.

सुजानराजांची तीनशेवी पुण्यतिथी आठ दिवसांवर आली होती. त्या दिवशी वाटायची, राजांचा चेहरा असलेली पदकं आसारामकडं करायला दिली होती, पण राजांचं चित्र कुठंच नव्हतं. वंशज मात्र दोन होते, भगवानराव आणि विजयसिंह, आणि दोघांनाही झेडपीचं तिकीट हवं होतं. ज्याच्या घराण्याचा चेहरा पदकावर, तोच खरा वारस, असं दोघांनी धरून ठेवलेलं. चेहरा चुकला तर अंबाजोगाईत दुकान कसं चालतं ते बघतोच, असा दमही दोघांनी आसारामला वेगवेगळा गाठून दिला होता.

आसाराम मूळचा टाक करणारा. घरातलं कुणी गेलं की चांदीच्या पत्र्यावर त्याची प्रतिमा उठवून देव्हाऱ्यात ठेवतात, तो टाक. पुरुषांसाठी ठसा एकच, आज्याच्या वेळचा. फेटा, मिशी, नाक, सगळ्यांना तेच. ओळखायचं काम घरचे करतात, आणि रडत रडत बरोबर ओळखतात.

शेवटी वैतागून त्यानं तोच ठसा पदकावर मारला. भगवानरावांनी पदक हातात घेतलं आणि त्यांचे डोळे भरून आले. थेट आमचे आजोबा, म्हणाले. संध्याकाळी विजयसिंह आले. त्यांनाही त्यात आपलेच आजोबा दिसले. दुकान वाचलं म्हणून आसारामचा जीव भांड्यात पडला.

पुण्यतिथीला पदक मखमलीवर मांडलं. दोन्ही वारस एकदमच पाया पडायला वाकले आणि त्यांची टाळकी एकमेकांवर आपटली. तरी दोघांनी डोकं टेकवलंच.

मग पहिलं पदक बायडाबाईला दिलं. मेंढपाळाची ही विधवा राजांच्या समाधीवर रोज दिवा लावायची. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याचा टाक तिनं आसारामकडूनच नेला होता. पदकाकडं बघताच तिनं पदर डोक्यावर ओढला. सूत्रसंचालकानं कौतुकानं माईक तिच्यापुढं धरला. आसाराम खुर्चीखाली वाकून चप्पल शोधू लागला.

"हे तर आमचे मालक हायत," बायडाबाई म्हणाली. मग ती दोन्ही वारसांकडं वळली. "हयातीत तुमी दोघांनी त्यांची मेंढरं कधी बांधाला लागू दिली न्हाईत. आज पाया पडलात, लई बरं केलं."