मुखवट्याच्या आत

जपानमधल्या कानाझावा गावच्या नोमागुची गुरुजींच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या नोह, म्हणजे लाकडी मुखवटे घालून करायची जुनी नाटकं, होत आली होती. जुन्या मुखवट्यांचा अभ्यास करणाऱ्या मिझुएने बऱ्याच मिनतवाऱ्या केल्या, तेव्हा कुठे त्यांनी घराण्यातला तरुणीच्या चेहऱ्याचा मुखवटा दाखवायचं कबूल केलं. दुपारचं ऊन चटईवर पसरलं होतं.

"वडील गेल्यापासून ही पेटी उघडलेली नाही," गुरुजी म्हणाले. "आधी चहा घ्या बाई. मुखवटा काही पळून जात नाही."

मिझुएला कुठला धीर! तिने पेटी उघडली आणि मुखवटा अलगद उचलून उलटा धरला. आतल्या काळ्या लाखेवर, ओठांच्या फटीपाशी, वाफ धरली होती. ती विरली आणि पुन्हा धरली.

"अय्या, माझाच श्वास लागतोय," ती हसली आणि तिने तोंडावर रुमाल धरला.

वाफ विरली. पुन्हा धरली.

मग तिने श्वासच रोखला. वाफ तशीच संथ येत-जात राहिली, गाढ झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी.

"गुरुजी, हे बघा ना!"

"हळू बोला बाई, हळू," गुरुजी कुजबुजले.

लाखेवरची वाफ थांबली.

मग वाफ पुन्हा आली, पण आता भराभर, झोपेतून कुणी दचकून उठावं तशी.