मागची सीट

"मोटार चालू आहे ना पन?" काळुराम पाटलानं पुन्हा विचारलं.

त्र्यंबकनं फाटकाबाहेरच्या काळ्या फोर्डकडे बोट दाखवलं. औषधं विकायची त्याची फिरती होती. कोपरीपासून डोंबिवलीपर्यंत त्यानं घरं पालथी घातली होती. खोल्या मिळायच्या, पण मोटार उघड्यावर. त्याला कुलूप लागणारी जागा हवी होती. मोटार गेली की सगळंच गेलं.

कोलशेतचा हा म्हातारा मात्र मोटार नसलेल्या भाडेकरूला दारातूनच वाटेला लावायचा म्हणे. मिठाची जुनी वखार त्यानं मोटारीसाठी मुद्दाम रिकामी केली होती. पागडीचं नाव नाही.

इतकं सरळ काही नसतं, असं त्र्यंबकच्या मनात तेव्हाच आलं.

अटीही चमत्कारिक होत्या. मोटारीचं तोंड कायम रस्त्याकडे हवं. पेट्रोल संपू द्यायचं नाही. कल्याणच्या पुढं जायचं तर सांगून जायचं.

"मांगं मानूस आडवा व्हईल का?" काळुराम काचेला नाक लावून आत पाहू लागला.

त्र्यंबक चटकन मध्ये आला. "मागच्या स्प्रिंगा मोडून सीट वर आलीय, पाटील. तिथं कोणी बसत नाही."

म्हातारा हिरमुसला, पण खोल्या त्यानं दिल्या. राहायला आले तेव्हा त्र्यंबकची बायको रतन पुढंच बसली होती, ट्रंक मांडीवर घेऊन.

पाटलांच्या माजघरामागची खोली सदा बंद असे. पाटलीण, बायजा, पदराआड ताट झाकून आत जायची आणि रिकामं घेऊन यायची. आत कोण आहे, असं रतननं सहज विचारलं, तर "कोन नाय" म्हणून तिनं विषयच बदलला. एकदा आतून कण्हणं ऐकू आलं. काळुराम तर रोज सकाळी वखारीत हजर. हँडल मारलं की लगेच चालू होते ना, ही एकच चौकशी.

त्र्यंबकची झोप उडाली. खाडीचा काठ, दारूबंदीचे दिवस, आणि म्हाताऱ्याला हवी होती तयार मोटार. एक तर आत भट्टीचा माल होता, नाहीतर पोलिसांना हवा असलेला कुणी माणूस. धाड पडली तर वखारही उघडणार, मोटारही. म्हाताऱ्याच्या पापात आपण का भरडून निघायचं? त्याला त्या घराचा संतापच आला. आज कल्याणची फेरी उरकायची आणि दुसरी जागा बघायची, असं त्यानं ठरवलं.

भर दुपारी त्यानं मोटार बाहेर काढली, तर काळुराम हात पसरून आडवा आला.

"सायब, मोटार पायजे. आता."

माझी माणसं कल्याणला वाट बघतायत, असं त्र्यंबक तुटकपणे म्हणाला. इंजिन त्यानं बंद केलं नाही.

तेवढ्यात बंद खोलीचं दार उघडलं. बायजा आणि रतन एका पोरीला दोन्हीकडून धरून आणत होत्या. तिचे दिवस भरले होते आणि पाऊल उचलत नव्हतं.

"माजी गोदा," काळुराम म्हणाला. "दोन टायमाला बैलगारीत घालून ठान्याच्या दवाखान्यात नेली. दोनी पोरं वाटंवरच गेली. या टायमाला दिष्ट नको म्हनून कोनाला दावली नाय. मोटारवाल्यालाच जागा देईन बोललो व्हतो. मांगं निजवू द्या तिला."

"अहो," एवढंच रतन म्हणाली.

गलका ऐकून आळी गोळा झाली होती. बायका पदर सावरत फाटकात आल्या होत्या, गावचा पोलीस पाटीलही पुढं झाला होता. गोदानं मोटारीचं दार घट्ट धरलं होतं.

त्र्यंबकनं एकवार सगळ्यांकडे पाहिलं. मग तो खाली उतरला, मागची सीट उपटून बाजूला ठेवली आणि तिच्याखालच्या दारूनं टम्म फुगलेल्या रबरी ट्यूबा एकेक करून पाटलांच्या अंगणात काढून ठेवू लागला.