आपोआप

उत्तराबाईंना गुडघ्यांमुळे वाकता येईना, म्हणून त्यांच्या चिंगी मांजरीच्या ट्रेमधली वाळू बदलायला मुलगा अपूर्व दर रविवारी ठाण्याहून कोपरला यायचा. आज त्याने मोबाईलवर आपोआप साफ होणारा ट्रे दाखवला. उत्तराबाईंनी चष्मा लावून व्हिडिओ तीनदा बघितला.

"चिंगी आत असताना फिरायला लागला तर?"

"सेन्सर आहे गं. ती आत गेली की थांबतो."

"लाइट गेली तर?"

"बॅटरी आहे."

"एवढं गुणाचं आहे, तर शेजारच्या आसावरीने का नाही घेतलं?"

"आई, तिच्याकडे पोपट आहे."

"आणि घाण कोण टाकणार?"

"पिशवीत जमा होते. भांडीवाल्या शेवंतीताई टाकतील. मला महिना महिना बघायला नको."

उत्तराबाईंनी चष्मा काढला. "मला नाही बाई भरवसा त्या डब्याचा."

"अगं, पण मी मागवलाय. परवा येईल."

हात धुऊन, बूट घालून तो नेहमीसारखा दारातून म्हणाला, "येतो गं आई."

दर रविवारी त्या "ये हं" म्हणायच्या. आज त्यांनी विचारलं, "कधी?"