दाराला पाजलेलं पाणी

मागंपुढं कोणी नसल्यामुळे विश्राम मुलगी बघायला कोपरीला एकटाच आला होता. कल्याणला आगगाडीच्या डब्यांत तेलाचे दिवे लावायची नोकरी, डोक्याला धुतलेलं पागोटं. नाव ठेवायला जागा नव्हती. मुलीची आई करकरतं दार लोटून अंगणात आली आणि तिनं पाय धुवायला तांब्या दिला. त्यानं पाय धुतले. उरलेलं पाणी दाराच्या कोपऱ्यात, खुंट ज्या दगडी खळग्यात फिरतो तिथं, हळूच ओतलं आणि मग दार ढकललं. ते मुकाट उघडलं. मागून आई म्हणाली, "ह्ये कुनी शिकवलं?" विश्रामनं हातातल्या रिकाम्या तांब्याकडे पाहिलं. 'आधी दाराला पाणी पाजायचं, मग हात लावायचा,' असं सांगणारा बाप ठाण्याच्या तुरुंगातच मेला होता. त्यानं फोडलेल्या घरांची दारं लहानग्या विश्रामनंच उघडली होती. मोठेपणी मात्र त्यानं कुणाच्या काडीला हात लावला नव्हता. "मी चोर नाय, मावशी." "ठावं हाय. माझा बापूसबी असंच पानी ओतायचा. त्यानंबी सोडलेलं सगलं. मंग एका साली भात बुडालं." तिनं त्याच्या हातातून तांब्या काढून घेतला. "पोर देनार नाय मी. जा, बाबा." ती आत गेली. दार मिटलं, पण वाजलं नाही. विश्रामला तिथून फक्त निघून जायचं होतं. पण आतून कडी लागली नाही, हे कानांनी त्याला न विचारताच टिपलं होतं.