काटा क्रमांक सहा

काटा शून्यावर नव्हता.

उत्कर्षाने डोळे चोळले. पुन्हा पाहिलं. तानूबाई दायीच्या छपरात मेढीला टांगलेली झोळी रिकामी होती आणि सुई मात्र शून्याच्या चांगली पुढे. तिला तिथेच मातीत बसावंसं वाटलं. सकाळी सांगवीपासून सुरुवात केली होती. पाच गावं, पाच दाया, पाच काटे. पाचही नेटके निघाले. हा शेवटचा. कळस गावाच्या पुढची वस्ती, एप्रिलचं ऊन, सोबतच्या दादासोच्या एम-एटी गाडीवर मागे बसून अवघडलेली कंबर.

"सहा काट्यांतला एक जरी चुकला, तर पुढचे पंचवीस करायचे नाहीत," दादासो म्हणाला. "कॉलेजच्या सरांचं वाक्य. दोन वर्षं गेली पाण्यात."

तिने तपासणीचा कागद मांडीवर घेतला आणि दायीच्या वहीतले ठिपके मोजून आकडे लिहिले.

जन्म : एकोणीस.
लाल : पाच.

बारामतीच्या कॉलेजात या दोघांनी बाळं तोलायचा हा काटा केला होता. वालचंदनगरच्या भंगारातली स्प्रिंग, पत्र्याची तबकडी, पिठाच्या पिशवीची झोळी. दायांना आकडे येत नाहीत, म्हणून दोनच रंग. अडीच किलोच्या खाली लाल, वर हिरवा. घरातल्या कोणालाही दहा पावलांवरून कळावं, अशी मोठी तबकडी. वहीत तसाच रंगीत ठिपका काढायचा. मुलगा असेल तर शेजारी उभी रेघ.

लाल, रेघ. लाल, रेघ. लाल, रेघ.

पाचही लाल मुलगे. मुली सगळ्या हिरव्या.

"काय, पोरी काय पैलवान जन्माला येतात व्हय हितं?" दादासोने वही मिटली. "बाद झाला काटा."

उत्कर्षाने झोळी चाचपली. खालून काळ्या दोऱ्याने एक ठिगळ शिवलं होतं. ठिगळ कसलं, खिसाच होता. खिशात मुठीएवढा गुळगुळीत गोटा. तिने तो काढला. सुई टुणकन शून्यावर आली.

दोघंही हसले. दिवसभरात पहिल्यांदाच.

"म्हातारीनं गोटा ठेवायला जागा शोधली बघ!"

काटा बरोबर होता. चूक दायीची होती. उत्कर्षाने गोटा आपल्या पिशवीत टाकला आणि कागदावर लिहिलं,

दोष : नाही.

तेवढ्यात कुंपणापलीकडून एका बाईने हाक मारली. तानूबाई झुंबरबाईंकडे अडकलीय, त्यांची सून मोकळी झाली, काटा मागितलाय.

दोघं काटा घेऊन गेले. अंधाऱ्या खोलीत कौसल्या भिंतीकडे तोंड करून पडली होती. दारात तिची सासू झुंबरबाई हातात बाळंतिणीची दुधातुपाची वाटी घेऊन उभी, मागे शेजारच्या बाया. तानूबाईने काटा आढ्याला टांगला. बाळ झोळीत घालता घालता तिचा अंगठा खालच्या रिकाम्या खिशावरून फिरला. थांबला. तिने मान वर करून या दोघांकडे पाहिलं. बाळ तोवर झोळीत गेलं होतं.

सुई लालवर थांबली.

"पोरगीच ना?" झुंबरबाईंनी विचारलं. त्यांनी तबकडीकडे पाहिलं. दारातल्या सगळ्याच बायांनी पाहिलं.

"लाल हाय. न्हाय टिकायची. उगं जीव लावू नगा कुनी."

त्यांनी दुधाची वाटी पदराखाली घेतली आणि माघारी वळल्या. भिंतीकडे तोंड केलेल्या कौसल्येचा खांदा एकदा हलला. एवढंच.

लाल, रेघ. लाल, रेघ. उत्कर्षाला ती सगळी वही दिसली; मुलींचा एकही ठिपका लाल नव्हता.

"मावशी, थांबा!" ती ओरडलीच. "काटा बिघडलाय."

"अगं..." दादासोने तिचा हात धरला. तिने तो सोडवला.

"बिघडलाय म्हणूनच आलोय आम्ही. खोटं दाखवतो. बाळ घ्या जरा."

तानूबाईने बाळ उचललं. उत्कर्षाने काटा काढला, सगळ्यांकडे पाठ केली, पत्र्यावर दोन टिचक्या मारल्या आणि पिशवीत हात घातला. काटा पुन्हा टांगला. बाळ पुन्हा झोळीत.

हिरवा. जेमतेम, पण हिरवा.

"कॉलिजातली पोरं, आन् मिशीन असलं!" झुंबरबाई म्हणाल्या. शेजारणी हसल्या. पदराखालची वाटी बाहेर आली. "ऊठ गं कवसे, गरम हाय तवर पी. पोरीला दूध याया पायजे."

बाहेर दादासो एम-एटीला टेकून उभा होता. "सगळ्या वस्तीसमोर आपलाच काटा खोटा पाडलास. उद्या हे सरांच्या कानावर गेलं म्हणजे?"

तानूबाई रांजणापाशी हात धूत होती.

"दोन किलोच्या वर थोडी," ती आपणहून म्हणाली. "हातात घेतली तवाच कळलं. जल्म मेंढरात गेला माजा. कोकरू उचललं की कळतंय, कुठलं रोज बघाय लागंल. रोज येनार हाय मी हिच्याकडं."

"मग तुम्हाला काटा कशाला लागतो?"

"मला कुटं लागतोय, बाई?" तिने ओले हात पदराला पुसले. "सासवांना लागतोय."

मग दादासोने किक मारली. गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली. उत्कर्षा मागे बसली, कागद गुडघ्यावर घेतला. शेवटचा एक रकाना रिकामा होता. गाडी हलायच्या आत तिने तो भरला.

पुढील पंचवीस काट्यांसाठी सुधारणा : झोळीला खालून एक खिसा हवा.